बिननावाचं जुनं घड्याळ ओळखायचं कसं

आत्याचा सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला, तेव्हा सामान हलवताना पत्र्याच्या एका डब्यात मला मनगटी घड्याळ सापडलं. पट्टा वाळून कडक झालेला, काच पिवळी पडलेली, डायल साय धरलेल्या दुधाच्या रंगाची. सहाच्या जागी सेकंदकाट्याची छोटी वेगळी तबकडी. नाव मात्र कुठेच नाही. झाकणावर इंग्रजीत ‘स्टेनलेस स्टील बॅक’ एवढंच. आत्या म्हणाली, “दादांचं आहे. रोमर होतं बहुतेक.” (दादा म्हणजे माझे आजोबा.) काका म्हणाले, “छे, फेवर ल्युबा!” वेस्ट एंडचं नावही कुणीतरी घेतलं. चहा संपेपर्यंत एका घड्याळाची तीन घड्याळं झाली होती.

तुमच्याकडेही असं एखादं घड्याळ असेल आणि ‘याचं मॉडेल कोणतं?’ हा प्रश्न पडला असेल, तर मी ज्या क्रमाने जातो तो सांगतो. मी काही कारागीर नाही. दहा-बारा वर्षं जुनी घड्याळं उघडून बघायचा नाद आहे आणि त्या नादात जे बिघडवलं त्यातून थोडंफार कळलं आहे.

आधी प्रश्नच थोडा बदलून घ्या. जुन्या स्विस घड्याळांपैकी पुष्कळांना आपण म्हणतो तसं मॉडेल नव्हतंच. मशीन एका कारखान्याचं, केस म्हणजे बाहेरचं कवच दुसऱ्याचं, डायल तिसऱ्याची, काटे चौथ्याचे. हे सगळं जुळवून कुणीतरी वर आपलं नाव छापायचं आणि माल जगभर पाठवायचा. ए. शिल्ड म्हणजे एएस, एटा, फोंतनमेलोंचा एफएचएफ, युनिटास, पेझो हे नुसती मशीनं करणारे कारखाने. १९२६ मध्ये एबोश एसए नावाच्या एका छत्राखाली त्यातले मोठमोठे एकत्र यायला लागले. त्यामुळे एकच मशीन डझनावारी ब्रँडांच्या पोटात सापडतं. म्हणून मॉडेलच्या नावामागे लागण्याआधी तीन गोष्टी शोधा: मशीन कुणाचं, घड्याळ साधारण कोणत्या काळातलं, आणि त्यातलं किती मूळचं. एवढं कळलं की नव्वद टक्के काम झालं. नाव मिळालंच तर तो बोनस.

एचएमटी, सिटिझन, सायको यांची गोष्ट निराळी. तिथे मशीनपासून डायलपर्यंत सगळं घरचं, त्यामुळे नेमकं मॉडेल बहुतेक वेळा सापडतं. त्यांच्याकडे पुढे येतोच.

घरातली चौकशी

घड्याळ उघडायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करा. “कुठल्या कंपनीचं?” असं विचारू नका, लोक आठवेल ते नाव ठोकून देतात. “कुणी दिलं? कधी दिलं?” असं विचारा. आपल्याकडे घड्याळ हातावर यायचे प्रसंग ठरलेले. लग्नात सासऱ्यांनी जावयाला दिलेलं, पहिल्या पगारात घेतलेलं, कारखान्यात पंचवीस वर्षं झाली म्हणून मिळालेलं. प्रसंग कळला की साल कळतं, आणि सालावरून निम्मी नावं आपोआप गळतात. एचएमटीने बंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं करायला सुरुवात केली ती १९६१ मध्ये. म्हणजे ‘बाबांना ५५ साली लग्नात मिळालेलं एचएमटी’ असू शकत नाही. एकतर साल चुकतंय, नाहीतर घड्याळ. टायटनची घड्याळं बाजारात आली १९८७ ला.

जुने फोटोही काढा. आजोबांचा लग्नातला फोटो मी भिंगाखाली धरून पाहिला. हातावर घड्याळ आहे, पण कोटाच्या बाहीखालून फक्त पट्ट्याचं टोक दिसतं. अशी निराशा होते कधीकधी, तरी फोटो बघाच. काट्यांचा आकार किंवा केसचे कान दिसले तरी खूप.

सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, बाजूने उजेड पाडता येईल असा टेबललॅम्प, पांढरा सुती रुमाल, वर्नियर कॅलिपर आणि फोन. बास. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास हत्यारांच्या दुकानांत भिंग आणि कॅलिपर दोन्ही मिळतात. रुमाल पांढराच घ्या. घड्याळातला स्क्रू रंगीत टेबलक्लॉथवर पडला की तो गेला असं समजायचं.

बाहेरून काय दिसतं

केसचा व्यास मोजा, चावी सोडून. चावी म्हणजे आपण पिळतो ते बटण, क्राउन. मग पट्टा बसतो त्या दोन कानांमधलं अंतर मोजा. १९३०-४० च्या सुमाराची पुरुषांची घड्याळं आज बायकांची वाटावीत इतकी छोटी, अनेकदा ३० ते ३३ मिलिमीटर. ५० आणि ६० च्या दशकांत ३३ ते ३६. ७० च्या दशकात जाडजूड, उशीसारख्या आकाराच्या केसेस आल्या. कानांच्या जागी वाकवलेली तार डाक देऊन कायमची बसवलेली असेल, तर घड्याळ पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे गेलं. हे सगळे ढोबळ ठोकताळे आहेत. एका आकड्यावर साल ठरवू नका.

आमच्या घड्याळाचा व्यास ३३ भरला. केस क्रोम चढवलेली, कानांच्या आतल्या बाजूला क्रोम उडून पितळ दिसत होतं. स्टीलचं फक्त झाकण. त्या काळच्या मध्यम किमतीच्या घड्याळाचा हा नेहमीचा थाट. सोनेरी केसवर ‘१० मायक्रॉन’, ‘२० मायक्रॉन’ असं लिहिलेलं असेल तर ती सोन्याच्या मुलाम्याची जाडी. केस खरंच स्विस सोन्याची असेल तर आत बारीक छाप असतो: अठरा कॅरेटला हेल्व्हेशिया नावाच्या बाईचं डोकं, चौदा कॅरेटला खार.

आता डायल. इथे घाई करू नका. लॅम्प बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणा म्हणजे उजेड डायलवर आडवा पडेल. घड्याळ हळूहळू फिरवत भिंगातून बघा. पुसलं गेलेलं नाव अशा उजेडात पुष्कळदा सावलीसारखं उमटतं, कारण शाई गेली तरी तिच्याखालचा रंग कमी काळवंडलेला असतो. बाराच्या खाली सुईच्या टोकाएवढी दोन भोकं दिसली, तर तिथे धातूचं चिन्ह बसवलेलं होतं आणि ते गळून पडलं. भोकांमधलं अंतर टिपून ठेवा, फोटोंशी ताडून बघायला उपयोगी पडतं. चिन्हं ओळखायला सोपी असतात. फेवर ल्युबाचं वाळूचं घड्याळ, एनिकारचा शनी, टिटोनीचं फूल, राडोचा गोल फिरणारा जहाजी नांगर. चावीवरही चिन्ह असतं, पण चावी हा घड्याळातला सगळ्यात जास्त वेळा बदललेला भाग. तिच्यावर विसंबू नका.

आमच्या डायलवर भोकं नव्हती. आडव्या उजेडात दोन ओळींची सावली मात्र दिसली, वरची लांब, खालची आखूड. अक्षर एकही लागलं नाही. अर्धा तास बघत बसलो होतो.

डायल पुसू नका. पाण्याने नाही, थुंकी लावलेल्या इअरबडने नाही, कोरड्या फडक्यानेसुद्धा नाही. डायलवरची छपाई वार्निशच्या पातळ थरावर उभी असते, आणि पन्नास वर्षांत ते वार्निश कधीच सुटलेलं असतं. सुरुवातीला एका कॅमी घड्याळाच्या डायलवरची धूळ काढायला मी ओलसर इअरबड फिरवला. धूळ राहिली तिथेच, नाव आलं कापसावर. म्हणजे मी स्वतःच्या हाताने एक नाव असलेलं घड्याळ बिननावी करून ठेवलं!

सहाच्या खाली, अगदी कडेला, ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ असं बारीक लिहिलेलं असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर असेल, तर अंधारात चमकणाऱ्या रंगात ट्रिशियम आहे, म्हणजे घड्याळ साधारण १९६० नंतरचं. त्याआधीच्या घड्याळांत तो रंग बहुधा रेडियमचा. आकड्यांवर जाड, तपकिरी, करपल्यासारखा दिसणारा थर असेल आणि टी नसेल तर तो रेडियम धरून चला. आज तो चमकत नाही, कारण त्यातला चमकणारा पदार्थ मेला. रेडियम तसंच आहे, त्याचा अर्धा किरणोत्सार संपायलाच १६०० वर्षं लागतात. काच लावलेली असेल तर फारसं घाबरायचं कारण नाही, पण तो थर खरवडू नका, भुगा फुंकू नका आणि असलं घड्याळ पोरांच्या हातात देऊ नका.

झाकण

झाकणाच्या कडेला सहा खाचा असतील तर ते पिळून उघडायचं, त्याला वेगळा पाना लागतो. खाचा नसतील तर दाबून बसवलेलं. नखाने कडेवरून फिरलात की एके ठिकाणी बारीक ओठ लागतो, तिथे पातं घालून उचकायचं. स्वयंपाकघरातली सुरी आणू नका, ती निसटते आणि केसवर कायमचा ओरखडा पडतो. काही घड्याळांना मागे झाकणच नसतं, काच काढून मशीन पुढून बाहेर येतं. म्हणून पहिल्यांदा तरी पेठेतल्या एखाद्या जुन्या कारागिराकडे जा, “काका, फक्त उघडून द्या, मी फोटो काढतो” म्हणा. मी गेलो तिथे काकांनी डोळ्याला भिंग लावलं, अंगठ्याने एक झटका दिला आणि झाकण माझ्या हातात ठेवून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागले.

झाकणाची आतली बाजू नवखे लोक बघतच नाहीत. घड्याळाची वही असते ती. दुरुस्ती केली की कारागीर टोच्याने तिथे तारीख किंवा स्वतःची खूण खरवडून ठेवायचे, पुन्हा तक्रार आली तर कळावं म्हणून. आमच्या झाकणावर अशा चार खुणा निघाल्या. तीन माझ्या वाचण्यापलीकडच्या. चौथी उजेडात धरल्यावर स्वच्छ दिसली: १२-७-५३. म्हणजे १९५३ च्या जुलैत हे घड्याळ दुरुस्तीला गेलं होतं, त्याच्या आधी ते कुणीतरी विकत घेतलं होतं. छापील कागदाने इतका ठाम पुरावा दिला नसता.

झाकणावर आकडे दिसले की लोक लगेच ते गूगलमध्ये घालतात. जरा थांबा. क्रॉसच्या चिन्हाशेजारचा आकडा म्हणजे स्विस पेटंटचा नंबर, मॉडेल नव्हे. सहा-सात आकड्यांची लांब संख्या बहुधा अनुक्रमांक. तीन-चार आकडी संख्या केस करणाऱ्याची असू शकते. त्यावरून घड्याळाचं नाव सापडेल अशी आशा धरू नका.

सैन्याच्या खुणा वेगळ्या बघायच्या. पुणं पडलं छावणीचं गाव, कॅम्प आणि खडकीमुळे जुन्या घरांतून अशी घड्याळं निघतात. झाकणावर बाणासारखी खूण आणि ‘ए.टी.पी.’ असेल तर ते दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश सैन्याचं घड्याळ. ‘डब्ल्यू.डब्ल्यू.डब्ल्यू.’ असेल तर १९४५ च्या सुमाराला बारा कंपन्यांनी ब्रिटिश सैन्यासाठी केलेल्या घड्याळांपैकी एक, आणि मग बसून घ्या, कारण त्याला संग्राहक भरपूर पैसे मोजतात.

मशीन

हा खरा गाभा. आधी एवढंच बघा की वर अर्धगोल वजन फिरतंय का. फिरत असेल तर ऑटोमॅटिक, नसेल तर चावीचं. बॅटरी दिसली तर बहुधा क्वार्ट्झ, आणि क्वार्ट्झ असेल तर ते साधारण १९७० च्या आधीचं नव्हे, आजोबांचं असल्याची घरातली कथा काहीही असो.

मग बॅलन्स व्हील शोधा, सतत पुढेमागे झोके घेणारं चाक. त्याच्या कडेखाली, खालच्या प्लेटवर, कारखान्याचा शिक्का आणि कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा, आकडा कोरलेला असतो. एएस असेल तर ढालीच्या चौकटीत ही दोन अक्षरं, एटाचाही शिक्का ढालीतलाच. चाक चालू असताना ते वाचायला जाऊ नका, वेड लागेल. फोनवर बाजूच्या उजेडात दहा-बारा फोटो घ्या, प्रत्येक वेळी घड्याळ थोडं फिरवून. एखाद्या फोटोत चाकाचा आरा बाजूला सरकलेला असतो आणि आकडा उघडा पडतो. मला सातव्या फोटोत मिळाला: ढालीत एएस, शेजारी ११३०.

या एका आकड्याने बरंच काही निकालात निघालं. रोमर आपली मशीनं आपल्याच कारखान्यात करायचे, त्यावर मायर आणि स्ट्यूडेली यांचं एमएसटी हे नाव असायचं. एएसचं मशीन असलेलं घड्याळ रोमर असण्याची शक्यता जवळपास नाही. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग डायल बदलली असेल कुणीतरी.” आता काय बोलणार!

एएस ११३० हे १३ लिनचं मशीन. लिन हे मशीन मोजायचं जुनं फ्रेंच माप, एक लिन म्हणजे २.२५६ मिलिमीटर. आकडा वाचता आला नाही तर मशीनचा व्यास मोजून या मापात बदला. साडेदहा म्हणजे साधारण २३.७, साडेअकरा म्हणजे साधारण २६, तेरा म्हणजे साधारण २९. कारखाने हे माप थोडं वरखाली धरायचे, त्यामुळे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी चालतं. शोधताना माप आणि सेकंदकाट्याची जागा एवढं दिलं तरी यादी पुष्कळ आखूड होते.

बॅलन्सच्या मधोमध लाल खडा दिसतो, त्यावर बारीक सोनेरी स्प्रिंग बसवलेली असते. घड्याळ पडलं तर आतला नाजूक आस मोडू नये म्हणून. ती स्प्रिंग दोन शिंगांसारखी बाहेर वळलेली, लायर या ग्रीक वाद्याच्या आकाराची असेल तर ते इन्काब्लॉक, आणि ते आलं १९३४ मध्ये. जपानी मशीनवर त्याच जागी पॅराशॉक असेल तर सिटिझन, डायाशॉक असेल तर सायको. आमच्या मशीनवर शिंगं होती. म्हणजे १९३४ नंतरचं आणि १९५३ च्या आधीचं. एकोणीस वर्षांचा पट्टा, पण दोन्ही टोकांना पुरावा आहे.

बॅलन्सवरच्या ब्रिजवर, म्हणजे त्याला वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, तीन इंग्रजी अक्षरं सुटी कोरलेली दिसली आणि जवळ ‘अनॲडजस्टेड’ असलं काही लिहिलेलं असलं, तर मशीन अमेरिकेच्या बाजारासाठी निघालं होतं. तिकडे १९३६ पासून आयात करणाऱ्याचा हा कोड लागायचा, त्यावरून आयातदाराचं नाव शोधता येतं. ‘१७ ज्वेल्स’ (मशीनमधल्या खड्यांची संख्या) यावरून मात्र काहीच कळत नाही, निम्म्या जगाची घड्याळं सतरा ज्वेलचीच.

आकडा अजिबातच दिसत नसेल तर ठोके मोजा. फोनवर स्लो मोशनमध्ये सेकंदकाटा टिपा आणि एका सेकंदात तो किती पावलं टाकतो ते बघा. पाच असतील तर तासाला १८,००० ठोके, जुनी बहुतेक मशीनं याच चालीची. सहा म्हणजे २१,६००, आठ म्हणजे २८,८००. आठ पावलांचं मशीन ४० च्या दशकातलं नसतं.

याच्याही पुढे जायचं तर डायल उतरवावी लागते. चावी ओढल्यावर काटे फिरवायची जी व्यवस्था लागते तिच्यावरच्या पातळ पट्टीचा आकार प्रत्येक कॅलिबरचा वेगळा, बोटाच्या ठशासारखा. सुट्या भागांच्या जुन्या कॅटलॉगमध्ये मशीनं याच आकारावरून लावलेली असतात. डायल उतरवल्यावर तिच्या पाठीमागचे दोन पाय बघा, म्हणजे मशीनच्या भोकांत बसणाऱ्या दोन तांब्याच्या काड्या. पाय छाटून डायल चिकटपट्टीने चिकटवलेली असेल, तर डायल आणि मशीन एकमेकांचे नाहीत, विषय संपला. पण हे काम स्वतः करू नका. काटे काढताना डायलवर खड्डा पडतोच, मी दोनदा पाडलाय.

एचएमटी आणि जपानी

एचएमटीचं नाव पुसलेलं असेल तर मशीनवरून लगेच कळतं, कारण तिथे ते कोरलेलं असतं. अडचण वेगळीच. चावीच्या घड्याळांत ०२३१ हे एकच मशीन कंपनीने कितीतरी मॉडेलांना वापरलं, जनतालाही तेच आणि पायलटलाही तेच. म्हणून इथे उलटं जायचं. मशीनवरून कंपनी पक्की करा आणि मॉडेल केस, डायल, काटे यांच्यावरून ठरवा. काळी डायल, मोठे आकडे असं दिसलं की सगळे पायलट म्हणतात, पण काळी डायल घालून जनताचा पायलट करणारे कमी नाहीत. देवनागरी आकड्यांची जनता खरीच निघायची, ती बघून खोटी समजू नका.

सायकोत मात्र सगळं झाकणावर लिहिलेलं. चार आकडे, मधे रेघ, पुन्हा चार. पहिले चार मशीनचे, पुढचे केसचे. ७००९ असेल तर ऑटोमॅटिक, ७० च्या दशकातलं किंवा नंतरचं. जवळच सहा आकड्यांचा अनुक्रमांक असतो, त्यातला पहिला आकडा सालाचा शेवट आणि दुसरा महिना. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. ‘८२’ ने सुरुवात असेल तर ७८ ची किंवा ८८ ची फेब्रुवारी. दशक कोणतं ते मशीनवरून ठरवायचं.

नाव असलेल्या घड्याळाचं काय?

खरं सांगायचं तर बिननावाचं घड्याळ मला परवडतं. ते निदान थापा मारत नाही. पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा. निळ्या, केशरी, हिरव्या रंगांच्या कोऱ्या करकरीत डायलची फेवर ल्युबा आणि सायको ओळीने मांडलेली दिसतील. जगभरचे संग्राहक या प्रकाराला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, म्हणजे जुनं मशीन, पॉलिश मारलेली केस आणि आपल्याकडेच नव्याने छापलेली डायल. भिंगातून अक्षरांच्या कडा बघा. मूळ छपाई धारदार असते, नवी जाड आणि जराशी पसरलेली. सेकंदाच्या रेघा आकड्यांशी नेमक्या जुळत नाहीत. पन्नास वर्षांच्या घड्याळाची डायल काचेपेक्षा तरुण दिसली की खिशातला हात खिशातच ठेवा.

मागे एकदा एका विक्रेत्याला मी विचारलं, “मागचं उघडून दाखवता का?”

“उघडतो की. घेणार असाल तर.”

“आत काय आहे बघितल्याशिवाय कसं घेऊ?”

“मग राहू द्या.”

राहू दिलं.

आणखी एक सावधगिरी. आमच्या मशीनचा आकडा शोधात टाकला की पहिल्याच पानावर ‘जर्मन मिलिटरी’ असं येतं. ते खोटं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याला पुरवलेल्या कितीतरी ब्रँडांच्या घड्याळांत एएस ११३० होतं. पण त्या घड्याळांच्या झाकणावर आकड्याच्या आधी डी आणि नंतर एच असतं. आमच्यावर तसं काही नाही. काकांनी मात्र तोवर नातवाला सांगून टाकलं होतं, की पणजोबांचं घड्याळ हिटलरच्या सैन्यातलं आहे.

शोध कसा घ्यायचा

हातात कारखाना आणि कॅलिबर असेल तर दोन्ही एकत्र टाका आणि आधी फक्त मशीनचे फोटो बघा, घड्याळांचे नंतर. ब्रिजचा आकार, स्क्रूंच्या जागा, चाकांची मांडणी तुमच्या फोटोशी तंतोतंत जुळली पाहिजे. ‘साधारण तसंच’ म्हणजे दुसरं मशीन. शिक्का ओळखू येत नसेल तर मिक्रोलिस्क या वेबसाइटवर घड्याळांच्या जुन्या ट्रेडमार्कची सूची आहे. कुणाला फोटो पाठवून विचारायचं असेल तर चार पाठवा: समोरून, बाजूने, झाकणाची आतली बाजू आणि मशीन. नुसत्या डायलच्या फोटोवरून कुणी छातीठोकपणे मॉडेल सांगितलं तर हसून सोडून द्या.

शेवटी जे हाती येईल ते कागदावर लिहा आणि घड्याळासोबत ठेवा. खात्रीचं वेगळं, ऐकीव वेगळं. आमच्या डब्यातली चिठ्ठी अशी आहे:

मशीन एएस ११३०, चावीचं, १७ ज्वेल, इन्काब्लॉक. केस क्रोमची, ३३ मिमी, झाकण स्टील. १९३४ नंतरचं, जुलै १९५३ च्या आधीचं. डायलवर दोन ओळींचं नाव होतं, वाचता येत नाही. रोमर नाही. फेवर ल्युबा किंवा वेस्ट एंड असू शकेल, पुरावा नाही. चावी आणि पट्टा नंतर बदललेले. आत्याचं म्हणणं: रोमरच.